जादा दराने तिकीट विकलं तर गुन्हा होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या एका मोठ्या मैफलीची चार तिकिटं काढली, प्रत्येकी ४,५०० रुपयांची. घरातल्या दोघांचं जाणं रद्द झालं. तीच तिकिटं आता बाहेर बारा-पंधरा हजारांना जाताहेत. त्या भावाने विकली तर गुन्हा होईल का? आणि याची दुसरी बाजू: कुणी ब्लॅकने घेतलेलं तिकीट दारात नाकारलं, तर त्याला पैसे परत मिळतात का?

मी बावीस वर्षं ठाणे आणि मुंबईच्या कोर्टांत वकिली करते. फौजदारी खटले आणि ग्राहक आयोगातल्या तक्रारी हे माझं रोजचं काम. हे दोन्ही प्रश्न माझ्या टेबलावर बरेचदा येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. मैफलीचं किंवा क्रिकेट सामन्याचं तिकीट छापील किमतीपेक्षा जास्त भावाने विकू नये, असं एका वाक्यात सांगणारा आणि आजच्या ऑनलाइन तिकिटांना नेमका लागू पडणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे घरच्या दोन तिकिटांवर जास्त पैसे घेतले, एवढ्याच कारणावरून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पण याचा अर्थ तिकिटांचा धंदा कायदेशीर आहे असाही नाही. रेघ कुठे ओढलेली आहे ते तीन गोष्टींवरून कळतं: तिकिटावर काय अटी होत्या, विकणारा कोण आणि किती जण, आणि घेणाऱ्यापासून काही लपवलं का.

दोन गैरसमज आधी दूर करते, कारण तक्रार लिहून आणणारे लोक नेमक्या याच दोन कायद्यांचा आधार घेऊन येतात. पहिला एमआरपीचा. "छापील किमतीपेक्षा जास्त घेतले" हा नियम वैध मापन शास्त्राच्या कायद्यातला आहे आणि तो पॅकबंद वस्तूंना लागू होतो. बिस्किटाच्या पुड्याला, पाण्याच्या बाटलीला. तिकीट ही पॅकबंद वस्तू नाही, ती एका सेवेची पावती आहे. दुसरा गैरसमज 'काळा बाजार' या शब्दामुळे होतो. काळ्या बाजारावर आपल्याकडे कडक कायदे आहेत खरे, पण १९५५ चा कायदा आणि त्यावर उभा असलेला १९८० चा स्थानबद्धतेचा कायदा, हे दोन्ही जीवनावश्यक वस्तूंपुरते आहेत. धान्य, रॉकेल, खत. मैफलीचं तिकीट त्या यादीत बसत नाही. आपण बोलताना ब्लॅक म्हणतो, कायदा त्या अर्थाने म्हणत नाही.

आता मूळ मुद्दा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण वकील मंडळींच्याही तो चटकन लक्षात येत नाही. तिकीट म्हणजे नक्की काय? दुसऱ्याच्या जागेत ठरावीक वेळी जाऊन बसण्याची परवानगी. या परवानगीबद्दल आपल्याकडे १८८२ पासून कायदा आहे: भारतीय सुविधाधिकार अधिनियम, जो १८९१ पासून मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्याच्या ५६ व्या कलमाचा आशय असा, की अशी परवानगी सहसा दुसऱ्याला देता येत नाही. मात्र सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी हजर राहण्याची परवानगी ज्याला मिळाली आहे तो ती दुसऱ्याला देऊ शकतो, जोवर वेगळा हेतू सांगितलेला नाही किंवा तो उघडच दिसत नाही. म्हणजे नाटकाचं, गाण्याचं, सामन्याचं तिकीट मुळात हस्तांतरणीय धरलेलं आहे. कायद्याने त्याला खास अपवाद केला आहे. आजोबांनी काढलेलं नाटकाचं तिकीट शेजारच्या काकूंनी नेलं तर कुणी हरकत घेत नाही, त्यामागे फक्त रीत नाही, कायदाही आहे.

पण त्या कलमातला "जोवर" हा शब्द आज सगळं ठरवतो. मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर, किंवा पैसे भरताना 'मला अटी मान्य आहेत' या चौकोनामागे जी लांबलचक जंत्री असते तिच्यात, वेगळा हेतू स्पष्ट लिहिलेला असतो. हे तिकीट अहस्तांतरणीय आहे. पुनर्विक्री केल्यास तिकीट रद्द होईल. प्रवेश नाकारण्याचा अधिकार आयोजकांना राहील. तुम्ही त्या चौकोनावर टिचकी मारली, की ५६ व्या कलमाने दिलेली मोकळीक संपली. म्हणून कुणी मला हा प्रश्न विचारला, की माझं पहिलं वाक्य एकच असतं: तिकिटाची मागची बाजू आणि बुकिंगच्या अटी घेऊन या.

अट मोडली म्हणजे गुन्हा झाला का? नाही. तो करारभंग झाला. आयोजक तिकीट रद्द करू शकतो, तुमचं खातं बंद करू शकतो, पैसे परत न देण्याची अट असेल तर ती लावू शकतो. पोलीस कोठडी हा करारभंगाचा परिणाम नसतो.

इथे रेल्वेशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. रेल्वेचं तिकीट दुसऱ्याला विकू नये, हे संसदेनेच लिहून ठेवलं आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचं कलम १४२ तिकीट परस्पर दुसऱ्याला देण्याबद्दल आहे, आणि कलम १४३ परवानगीशिवाय तिकिटं मिळवून पुरवण्याचा धंदा करण्याबद्दल, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं, की शेकडो खोटी यूजर-आयडी काढून ऑनलाइन तिकिटं विकणाराही १४३ मध्ये येतो. कायदा झाला तेव्हा ई-तिकीट नव्हतं, हा बचाव चालणार नाही. रेल्वेच्या बाबतीत कायदा इतका स्वच्छ आहे. मैफलीच्या बाबतीत तसा तो कुणी लिहिलेलाच नाही.

मग पोलीस सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांना पकडतात ते कशाखाली? २०२३ च्या विश्वचषकात मुंबईत आणि कोलकात्यात तिकिटांच्या काळ्या बाजारावरून अटका झाल्या होत्या. त्या काळापर्यंत नेहमीचं हत्यार होतं फसवणुकीचं: जुनं कलम ४२०, जे आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालं आहे. त्याची अडचण मी कोर्टात उभी राहून पाहिली आहे. फसवणूक सिद्ध करायची तर कुणाला तरी खोटं सांगून फसवलेलं असावं लागतं. ज्याने ४,५०० चं तिकीट १५,००० ला डोळे उघडे ठेवून घेतलं, त्याला किमतीबद्दल कुणी फसवलं नाही. त्याला मूळ किंमत माहीत होती. सरकारी वकिलांना हा मुद्दा ओलांडणं जड जातं. तिकीट बनावट असेल, एकच तिकीट पाच जणांना विकलं असेल, किंवा ते रद्द होणार हे माहीत असून लपवलं असेल, तर मात्र फसवणूक उघड आहे आणि तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बनावट पीडीएफ केली असेल तर बनावटीकरणाची कलमं वेगळी लागतात, आणि दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन वावरून फसवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड.

१ जुलै २०२४ पासून मात्र चित्र बदललं आहे, आणि ते अजून लोकांपर्यंत पोहोचलेलं नाही. भारतीय न्याय संहितेत ११२ वं कलम नवीन आलं: 'किरकोळ संघटित गुन्हा'. टोळीचा किंवा गटाचा सदस्य असलेल्याने एकट्याने वा मिळून केलेली चोरी, हिसकावणी, फसवणूक, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांची विक्री, आणि याच यादीत शब्दशः 'तिकिटांची अनधिकृत विक्री'. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षं, शिवाय दंड. दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि अजामीनपात्र. जुन्या ४२० पेक्षा हे एका अर्थाने जास्त धारदार आहे, कारण इथे घेणाऱ्याला फसवलं हे दाखवावं लागत नाही.

दोन गोष्टी नीट वाचायला हव्यात. एक, 'टोळी किंवा गट'. उरलेली दोन तिकिटं विकणारा मुलगा म्हणजे टोळी नाही. पण मित्रांच्या नावावर दहा सिमकार्डं घेऊन, चार मोबाइलवर रांगेत उभं राहून चाळीस तिकिटं उचलणारी आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर भाव लावणारी पाच पोरं म्हणजे काय, याचं उत्तर न्यायाधीशाला फार शोधावं लागणार नाही. त्यातला एकटाच सापडला तरी कलम 'एकट्याने' म्हणतं, त्यामुळे "मी एकटा होतो" हा बचाव आपोआप उभा राहत नाही. दुसरी गोष्ट, 'अनधिकृत' म्हणजे काय, हे कलमाने सांगितलेलं नाही. कुणाच्या परवानगीशिवाय? आयोजकाच्या? सरकारच्या? इथे वाद होणार आणि वरच्या कोर्टांना तो सोडवावा लागणार. बचावाची वकील म्हणून मी हा मुद्दा नक्की मांडेन. पण कुठल्याही आईवडिलांनी आपल्या मुलाला या वादातला पहिला खटला होऊ देऊ नये, असं मी मनापासून सांगेन. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळेपर्यंतचे दिवससुद्धा वीस वर्षांच्या मुलाला फार मोठे असतात.

कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या मैफलींच्या वेळी काय झालं ते आठवून पाहा. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम झाले. २२ सप्टेंबर २०२४ च्या दुपारी विक्री उघडली आणि लाखो लोक ऑनलाइन रांगेत अडकले. तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंतची होती, आणि विक्री संपते न संपते तोच परदेशी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर त्यांचे भाव लाखांत दिसू लागले. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच शहरांत छापे घालून मोबाइल, लॅपटॉप, सिमकार्डं जप्त केली. पंजाबी गायक दिलजीत दोसांझच्या दौऱ्याची तिकिटंही त्याच चौकशीत होती. एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, की अशा विक्रीला आळा घालणारे नियम घालून द्या. जानेवारीत मुख्य न्यायमूर्ती डी. के. उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. कायदा करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, न्यायालय तो लिहून देऊ शकत नाही, असा त्याचा मथितार्थ.

न्यायालयाचं बरोबर होतं, असं मला वाटतं. चूक आपल्या विधिमंडळाची आहे, कारण ते गप्प आहे. इतर देशांनी हे काम केलेलं आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ पासून गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मूळ किमतीवर दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा केला. (सिडनीत किंवा डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी भारताच्या सामन्याची जादा तिकिटं ओळखीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकताना तिथला कायदा पाहावा. इथली सवय तिथे चालत नाही.) महाराष्ट्रात मैफली आणि सामने वाढताहेत, तरुण मुलं पहिल्या पगारातून त्यांना जाताहेत, आणि त्यांच्या खिशातून जो पैसा जातो तो गाणाऱ्याकडे जात नाही, वाजवणाऱ्याकडे जात नाही, स्टेडियम झाडणाऱ्याकडे तर नाहीच नाही. तो मधल्या मध्ये मुरतो. किमतीवर मर्यादा आणि नावासहित तिकीट, एवढ्या दोन तरतुदी झाल्या तरी निम्मा धंदा बसेल.

आता घेणाऱ्याची बाजू. गेल्या वर्षी डोंबिवलीहून एक आई आली होती, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद लावून. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ५,००० चं तिकीट इन्स्टाग्रामवरच्या एकाकडून १४,००० ला घेतलेलं. पैसे यूपीआयने गेले, पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली. मुलगी तीन तास रांगेत उभी राहिली. दारात स्कॅनरचा लाल दिवा लागला आणि रखवालदार म्हणाला, "हे तिकीट आधीच आत गेलंय." ती तशीच बाहेर फुटपाथवर बसली आणि आईला फोन केला. आतला आवाज बाहेर ऐकू येत होता, असं ती मला सांगताना थांबली, आणि पुढचं आईने सांगितलं.

मी तो छापील कागद तिच्या मैत्रिणीच्या खऱ्या तिकिटाशेजारी ठेवला. खऱ्या तिकिटावर रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा आकडा एका ओळीत होते. हिच्या तिकिटावर आकडा केसभर खाली उतरलेला, आणि त्याचा ठसा थोडा जाड. क्यूआर कोड मात्र खराच होता. एका खऱ्या तिकिटाचा कोड ठेवून खुर्चीचे आकडे बदलत विक्रेत्याने तेच सहा जणांना विकलं होतं. जो आधी पोहोचला, तो आत गेला.

त्या माउलीने एक गोष्ट अचूक केली होती. मुलीचा फोन ठेवल्या ठेवल्या तिने १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावला. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. त्यामुळे १४,००० पैकी ९,००० त्या खात्यात अडकून राहिले, बाकीचे तोवर पुढे सरकले होते. दुसऱ्या दिवशी तिने एफआयआर दिला. स्टेडियम नवी मुंबईत, राहणं डोंबिवलीत, म्हणून कुठल्या ठाण्यात जायचं हा घोळ तिला पडला होता. आता कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून ती परत पाठवता येत नाही, आणि ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पुढे अडकलेली रक्कम सोडवण्यासाठी आम्ही दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला, आणि सात महिन्यांनी ते ९,००० परत आले. पाच हजार गेले ते गेलेच.

हे प्रकरण सोपं होतं, कारण फसवणूक उघड होती. अवघड प्रकरण असतं ते खऱ्या तिकिटाचं. तिकीट खरं, पण पुनर्विक्री झाली म्हणून आयोजकाने रद्द केलं. इथे आयोजकाविरुद्ध दाद मागणं जवळपास अशक्य, कारण त्याचा करार तुमच्याशी नव्हताच. विकणाऱ्याविरुद्ध मागता येते. तिकीट अहस्तांतरणीय आहे हे त्याने लपवलं असेल, तर करार कायद्याप्रमाणे ते गैरनिवेदन आहे, आणि करार रद्द ठरवून पैसे परत मागता येतात. तुम्हालाही ते माहीत होतं असं त्याने दाखवलं, तर तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून व्यवहाराच्या आधीच्या संदेशात "हे तिकीट माझ्या नावावर चालेल ना?" असा साधा प्रश्न विचारून त्याचं उत्तर लेखी घ्या. त्या एका ओळीवर मी प्रकरण उभं करू शकते.

ग्राहक आयोग इथे कितपत उपयोगी? एकदाच तिकीट विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध नाही, तो व्यापारी नव्हे. पण अधिकृत तिकीट-कंपनी किंवा आयोजकाने सेवा नीट दिली नाही, दोनदा पैसे कापले, कार्यक्रम रद्द करून परतावा अडवला, तर जरूर. करमणूक ही कायद्यात सेवाच आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून पाहा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. एक लक्षात ठेवा: जास्त भावाने विकण्यासाठीच तिकिटं घेणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. त्याची चाळीस तिकिटं अडकली तर आयोग त्याचं ऐकणार नाही.

तर तुमच्या दोन तिकिटांचं काय करायचं? आधी बुकिंगचा ईमेल उघडून 'हस्तांतरण' आणि 'पुनर्विक्री' या शब्दांखालच्या अटी वाचा. तिकीट-कंपनीने स्वतः परत विक्रीची किंवा नाव बदलण्याची सोय दिली असेल, तर तीच वापरा. घेणाऱ्याला दारात त्रास होणार नाही आणि तुमच्यावर बालंट येणार नाही. मनाई असेल तर विकू नका. अटींत काहीच मनाई नसेल तर ओळखीच्या माणसाला द्या, आणि माझं ऐकाल तर ४,५०० लाच द्या. बारा हजार घेतल्याने तुम्ही आज गुन्हेगार ठरत नाही, हे मी वर लिहिलं आहे आणि ते खरं आहे. पण तुमच्याकडून घेणाराही कुणाचं तरी लेकरूच असणार, आणि डोंबिवलीच्या त्या मुलीचा चेहरा पाहिल्यापासून मला दुसरा सल्ला देता येत नाही. पैसे खात्यावर घ्या, रोख नको. आणि ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकणार असाल तर क्यूआर कोड आणि बुकिंग क्रमांक बोटाने नव्हे, संपूर्ण काळ्या पट्टीने झाका. बोटाच्या फटीतून दिसलेला कोड पुरेसा असतो.